‘अट्रिब्यूट’ हे इंग्रजी क्रियापद नेमके कसे वापरावे

गोव्यातील पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोंकणीतून शिकतात आणि पाचवीत त्यांचे इंग्रजी माध्यम सुरू होते. रोजच्या व्यवहाराचे इंग्रजी ती बघता बघता आत्मसात करतात आणि प्रत्येक विषयाचे पारिभाषिक शब्द शिक्षक व्याख्येसह समजावून देतात. अडचण येते ती या दोहोंच्या मधल्या शब्दांची. हे शब्द बाजारात ऐकू येत नाहीत आणि कोणत्याही एका विषयाच्या मालकीचेही नसतात. इतिहास, अर्थशास्त्र, जीवशास्त्र, कायदा अशा सगळ्याच पुस्तकांत ते सर्रास येतात, आणि म्हणूनच प्रत्येक विषयाचा शिक्षक ते विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असतील असे धरून चालतो. न्यूझीलंडमधील वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लाख शब्दांचा अभ्यासविषयक मजकूर तपासून अशा ५७० शब्दकुलांची (शब्दकुल म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे) यादी २००० मध्ये प्रसिद्ध केली. वापराच्या प्रमाणानुसार तिचे १० भाग पाडलेले आहेत आणि त्यांतील चौथ्या भागात ‘अट्रिब्यूट’ हा शब्द आहे.

एकाच शब्दावर इतका मोठा लेख लिहिण्याचे कारण असे की हा शब्द वाचताना समजल्यासारखा वाटतो, लिहिताना मात्र हमखास उलटा पडतो. शब्दकोशात त्यासमोर ‘श्रेय देणे’, ‘आरोपित करणे’, ‘गुणधर्म’ असे मराठी प्रतिशब्द सापडतात. ते खोटे नाहीत, परंतु त्यांतील कोणताही एक धरून वाक्य रचायला घेतले तर ते अर्ध्या वेळा चुकते. बारावीनंतर महाविद्यालयात प्रकल्प लिहिणाऱ्या, ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात प्रबंधाची तयारी करणाऱ्या किंवा परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याला हा शब्द टाळून भागत नाही. तो एकदाच नीट समजून घेतलेला बरा.

उच्चार आणि रूपे

नाम आणि क्रियापद यांचे स्पेलिंग एकच आहे: ए, दोन टी, आर, आय, बी, यू, टी, ई. उच्चार मात्र वेगळा आहे. नाम असेल तेव्हा आघात पहिल्या अवयवावर येतो आणि उच्चार ‘ॲट्रिब्यूट’ असा होतो. क्रियापद असेल तेव्हा आघात ‘ट्रि’वर जातो आणि पहिला स्वर आखूड होऊन ‘अट्रिब्यूट’ असे ऐकू येते. या लेखातही हा भेद लेखनात पाळला आहे. ‘अट्रिब्यूटेबल’ या विशेषणात आघात ‘ट्रि’वरच राहतो, तर ‘ॲट्रिब्यूशन’ या भाववाचक नामात तो ‘ब्यू’वर सरकतो. तोंडी परीक्षेत किंवा परिसंवादात ही गोष्ट लगेच कानाला जाणवते. म्हणून शब्द पाठ करताना चारही रूपे मोठ्याने म्हणून पाहावीत.

अर्थाचा गाभा

हा शब्द लॅटिनमधून आला आहे. त्यातील मूळ क्रियापदाचा अर्थ ‘वाटून देणे, नेमून देणे’ असा आहे. ‘कॉन्ट्रिब्यूट’ आणि ‘डिस्ट्रिब्यूट’ ही त्याचीच भावंडे होत. हा अर्थ लक्षात ठेवण्यासाठी दुकानातील खतावणी डोळ्यांसमोर आणावी. एक रक्कम समोर आहे आणि ती कोणाच्या नावे मांडायची हे कारकुनाला ठरवायचे आहे. ‘अट्रिब्यूट’ करणे म्हणजे असेच नावे मांडणे. घटना असेल तर ती कोणत्या कारणाच्या नावे, वचन किंवा कलाकृती असेल तर कोणत्या कर्त्याच्या नावे, गुण असेल तर कोणत्या व्यक्तीच्या किंवा वस्तूच्या नावे, एवढाच काय तो फरक.

येथे दोन गोष्टी नीट पाहिल्या पाहिजेत, कारण पुढचे सगळे त्यांवरच उभे आहे. पहिली गोष्ट अशी की हा शब्द तटस्थ आहे. मराठीत ‘श्रेय’ चांगल्याचे असते आणि वाईटाचे ‘खापर’ फुटते. पुराचे श्रेय कोणी पावसाला देत नाही आणि सुवर्णपदकाचे खापर कोणी प्रशिक्षकावर फोडत नाही. इंग्रजीत मात्र पूरही ‘अट्रिब्यूट’ होतो आणि पदकही. म्हणून ‘अट्रिब्यूट म्हणजे श्रेय देणे’ असे पाठ केलेला विद्यार्थी हा शब्द फक्त यशाच्या संदर्भात वापरतो आणि अर्ध्या जागा सोडून देतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. नावे मांडणारा कोणीतरी असतो. ‘कॉज’ या क्रियापदात कारण आणि परिणाम हे दोनच पक्ष असतात. ‘अट्रिब्यूट’मध्ये तिसराही असतो, तो म्हणजे या दोहोंचा संबंध जोडणारा माणूस, अहवाल, परंपरा किंवा स्वतः लेखक. मराठीत ‘अवकाळी पावसामुळे काजूचा मोहर गळला’ हे विधान आहे, तर ‘अवकाळी पावसामुळे काजूचा मोहर गळला असे बागायतदार मानतात’ हे विधान करणाऱ्याबद्दलचे विधान आहे. ‘अट्रिब्यूट’ नेहमी या दुसऱ्या जातीचा असतो. वाक्यात हा शब्द लिहिण्यापूर्वी ‘असे कोण म्हणते?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा. त्याचे उत्तर देता येत नसेल तर शब्द बदलावा.

वाक्यातील क्रम: येथेच बहुतेक जण चुकतात

क्रियापदाची रचना ठरलेली आहे: कोणी, अट्रिब्यूट, परिणाम, टू, कारण. म्हणजे परिणाम आधी येतो आणि कारण ‘टू’च्या नंतर. मराठी मनाची चाल नेमकी याच्या उलट आहे. आपण कारण आधी सांगतो, त्याला ‘मुळे’ जोडतो आणि मग परिणामाकडे जातो. तोच क्रम डोक्यात ठेवून इंग्रजी लिहिले की पुढीलसारखे वाक्य तयार होते: ‘द फार्मर्स अट्रिब्यूट द अनसीझनल रेन टू द पुअर कॅश्यू क्रॉप.’ व्याकरणाच्या दृष्टीने यात एकही चूक दिसत नाही, परंतु अर्थ असा होतो की पीक बुडाल्यामुळे अवकाळी पाऊस पडला असे शेतकरी समजतात. संगणकावरील व्याकरण तपासणारी साधनेही अशा वाक्यावर लाल रेघ ओढतील याची खात्री नसते, म्हणून ते स्वतःच्या डोळ्यांनी पकडावे लागते. बरोबर वाक्य असे: ‘द फार्मर्स अट्रिब्यूट द पुअर कॅश्यू क्रॉप टू द अनसीझनल रेन.’

तपासण्याची सोपी रीत अशी आहे. ‘टू’नंतर जे आले आहे त्याला मनातल्या मनात ‘मुळे’ लावून पाहावे. ‘अवकाळी पावसामुळे’ हे जुळते. ‘वाईट पिकामुळे’ असे निघाले तर वाक्य उलटे झाले आहे असे समजावे.

कर्मणी रचनेत हाच क्रम राहतो आणि अभ्यासविषयक लेखनात तीच अधिक आढळते: ‘द पुअर क्रॉप इज अट्रिब्यूटेड टू द अनसीझनल रेन.’ येथे ‘टू’ हे शब्दयोगी आहे, क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारे ‘टू’ नव्हे. त्यामुळे त्यापुढे नाम किंवा ‘इंग’युक्त रूपच येते. ‘अट्रिब्यूटेड टू इम्प्रूव्ह’ असे होत नाही. पुढे पूर्ण वाक्य जोडायचे असेल तर मध्ये ‘द फॅक्ट दॅट’ घालावे लागते: ‘हर सक्सेस कॅन बी अट्रिब्यूटेड टू द फॅक्ट दॅट शी रीड वाइडली.’ ‘अट्रिब्यूटेड टू बिकॉज’ ही जोडणी तर सर्वथा अशुद्ध आहे, कारण कारण दाखवण्याचे काम ‘टू’ने आधीच केलेले असते.

‘अट्रिब्यूटेड फॉर’ आणि ‘अट्रिब्यूटेड विथ’ हीसुद्धा सामान्य घसरण आहे. ‘विथ’ येते ते ‘क्रेडिट’ या शब्दाच्या सवयीमुळे. ‘ही इज क्रेडिटेड विथ द डिस्कव्हरी’ हे बरोबर आहे, आणि तेच ‘अट्रिब्यूट’ने सांगायचे असेल तर वाक्य फिरवावे लागते: ‘द डिस्कव्हरी इज अट्रिब्यूटेड टू हिम.’ पहिल्या वाक्यात माणूस कर्त्याच्या जागी आहे, दुसऱ्यात शोध. ‘क्रेडिट’ बहुधा चांगल्या गोष्टींपुरताच येतो, ‘ब्लेम’ वाईटापुरता. ‘अस्क्राइब’ हा ‘अट्रिब्यूट’चा जवळचा नातेवाईक असून त्याची रचनाही तीच आहे, मात्र तो अधिक ग्रंथी वाटतो. एका निबंधात एकदा बदल म्हणून तो चालतो, त्याहून जास्त वेळा नको.

कर्त्याचे नाव आणि शंकेची जागा

हा शब्द सर्वांत सुंदर काम करतो ते कर्तृत्वाबद्दल खात्री नसते तेव्हा. साखळीजवळच्या हरवळ्याची लेणी पाहण्यासाठी गेलेल्या प्रत्येकाने ती पांडवांनी कोरली असे ऐकलेले असते. अभ्यासक ती साधारणपणे इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास ठेवतात. आता या स्थळाबद्दल इंग्रजीत लिहिताना ‘द केव्ज वेअर कार्व्ह्ड बाय द पांडवाज’ असे लिहिले तर ते इतिहास म्हणून टिकणार नाही, आणि लोकश्रद्धा गाळून टाकली तर स्थळाचे अर्धे जीवन गाळले जाते. ‘द केव्ज आर पॉप्युलरली अट्रिब्यूटेड टू द पांडवाज’ या एका वाक्यात दोन्हींची बूज राखली जाते. ‘पॉप्युलरली’ हे क्रियाविशेषण नावे मांडणारा कोण हे सांगते: लोक. लगेच पुढे ‘बट हिस्टॉरियन्स डेट देम टू अराउंड द सिक्स्थ सेंच्युरी’ असे जोडले की वाचकाला परंपरा आणि संशोधन यांच्या जागा वेगवेगळ्या दिसतात.

या वाक्यात काळासाठी ‘डेट’ हे क्रियापद वापरले आहे, तेही लक्षात घ्यावे. तांबडी सुर्ला येथील महादेवाचे मंदिर कदंब राजवंशाच्या काळाचे मानले जाते. ते ज्या काळ्या बेसाल्ट दगडात बांधले आहे तो दगड त्या परिसरातला नाही, घाटापलीकडून आणलेला असावा असे सांगितले जाते. अशा वास्तूबद्दल ‘इज अट्रिब्यूटेड टू द कदंब पिरियड’ असे लिहिता येते, कारण येथे राजवट, शैली आणि काळ एकत्र येतात. नुसते वर्ष किंवा शतक सांगायचे असेल तर ‘इज डेटेड टू’ अधिक नेमके आहे.

संग्रहालयात चित्राखालच्या पाटीवर ‘अट्रिब्यूटेड टू’ आणि पुढे चित्रकाराचे नाव असेल तर त्याचा अर्थ असा की चित्रावर सही नाही किंवा ती निर्णायक नाही, पण जाणकारांच्या मते ते बहुधा त्याच चित्रकाराचे आहे. नुसते ‘बाय’ असेल तर खात्री आहे. हाच भेद सुभाषितांनाही लागू होतो. शाळेच्या प्रार्थनासभेत स्वामी विवेकानंदांच्या किंवा अब्दुल कलामांच्या नावाने वाचली जाणारी कितीतरी वाक्ये त्यांच्या कोणत्याही ग्रंथात किंवा भाषणात दाखवता येत नाहीत. मूळ ठिकाण हाताशी नसेल तर निबंधात ‘ॲज विवेकानंद सेड’ असे ठामपणे लिहू नये. ‘अ सेइंग ऑफन अट्रिब्यूटेड टू विवेकानंद’ असे लिहावे. असे लिहिल्याने निबंधाचे वजन कमी होत नाही, उलट हा विद्यार्थी काय माहीत आहे आणि काय ऐकीव आहे हे वेगळे ठेवतो, हे परीक्षकाला दिसते. चुकीच्या नावावर खपवलेल्या वाक्यासाठी ‘मिसअट्रिब्यूटेड’ असे रूप आहे.

आबे फारिया आणि एक आदर्श वाक्य

पणजीत मांडवीकाठी, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्याला लागून आबे फारियांचा पुतळा आहे. झगा घातलेला एक पुरुष दोन्ही हात पुढे करून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री मागे कलंडलेली आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ पासून तेथे आहे. त्याच्यासमोरून रोज जाणाऱ्यांनाही त्या हातांतून काहीतरी शक्ती बाहेर पडते आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. फारियांचे म्हणणे मात्र याच्या नेमके विरुद्ध होते, आणि ते सांगण्यासाठी ‘अट्रिब्यूट’हून चांगले क्रियापद इंग्रजीत मिळणे कठीण आहे.

१७५६ मध्ये कांदोळीला जन्मलेले फारिया पुढे पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करू लागले. त्यांच्या आधी फ्रान्झ मेस्मर यांनी असा सिद्धान्त मांडला होता की माणसाच्या शरीरातून एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि प्रयोग करणारा त्याला वळण देतो. फारियांनी हे नाकारले. ती विशिष्ट झोप येण्याचे कारण झोपवणाऱ्याच्या हातात नसून झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनात आणि एकाग्रतेत आहे असे त्यांनी प्रतिपादले. त्यांचा ग्रंथ १८१९ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. हे सगळे एका वाक्यात असे मावते: ‘मेस्मर अट्रिब्यूटेड दीज इफेक्ट्स टू ॲन इनव्हिजिबल फ्लुइड, व्हेअरॲज फारिया अट्रिब्यूटेड देम टू द सब्जेक्ट्स ओन माइंड.’

हे वाक्य विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्यावे, कारण त्यात या क्रियापदाची सगळी ताकद उघड झालेली आहे. परिणाम एकच आहे आणि दोघांनाही तो मान्य आहे, वाद आहे तो फक्त त्याच्या कारणाचा. लेखक स्वतः कोणाचीही बाजू घेत नाही, दोघांच्या तोंडी त्यांचे त्यांचे मत देतो. येथे ‘कॉज’ वापरले असते तर ‘अदृश्य द्रवामुळे हे परिणाम झाले’ असे लेखकानेच म्हटल्यासारखे झाले असते. दोन अभ्यासकांचे मतभेद मांडायचे असतील तेव्हा हाच साचा घ्यावा आणि नावे व कारणे तेवढी बदलावीत. ‘व्हेअरॲज’च्या आधी स्वल्पविराम द्यायला मात्र विसरू नये.

किती प्रमाणात?

कारणे बहुधा एकाहून अधिक असतात, म्हणून या शब्दाला परिमाण दाखवणारी क्रियाविशेषणे जोडण्याची पद्धत आहे. ‘पार्टली’ म्हणजे अंशतः, ‘लार्जली’ म्हणजे मोठ्या प्रमाणावर, ‘प्रायमरिली’ म्हणजे मुख्यतः, ‘सोलली’ म्हणजे केवळ. यांतील शेवटचे जपून वापरावे, कारण ‘केवळ’ म्हटले की इतर सर्व कारणे खोडून काढण्याची जबाबदारी लेखकावर येते. कर्मणी रचनेत त्यांची जागा बहुधा साहाय्यक क्रियापद आणि ‘अट्रिब्यूटेड’ यांच्या मध्ये असते.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. ‘दोन पाने’ या चिन्हावर संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली आणि ‘फूल’ या चिन्हावर महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा होता. हा निकाल कशामुळे लागला याची उत्तरे आजही घराघरांत वेगवेगळी मिळतात, आणि मराठीप्रेमी कुटुंबांत तर हा विषय अजून हळवा आहे. या विषयावर इंग्रजीत प्रकल्प लिहिणाऱ्याने स्वतःच्या घरात ऐकलेले एकच कारण ‘बिकॉज’ लावून ठोकून देऊ नये. ‘द रिझल्ट हॅज बीन व्हेरियसली अट्रिब्यूटेड टू…’ असे सुरू करून वेगवेगळे गट कोणकोणती कारणे पुढे करतात ते क्रमाने, प्रत्येकाच्या आधारासह मांडावे. ‘व्हेरियसली’ या क्रियाविशेषणात ‘वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कारणांच्या नावे’ एवढा मोठा अर्थ सामावतो.

‘अट्रिब्यूटेबल’ हे विशेषण थोडे अधिक ठाम आहे. ‘इज अट्रिब्यूटेड टू’ म्हणजे कोणीतरी असे मानले आहे. ‘इज अट्रिब्यूटेबल टू’ म्हणजे असे मानण्यास जागा आहे, असा लेखकाचा स्वतःचा निर्णय. गोव्यात सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि लोहखनिजाची निर्यात कोसळली. येथे कारणाबद्दल वाद नाही, म्हणून ‘द फॉल इन आयर्न ओर एक्स्पोर्ट्स आफ्टर २०१२ इज लार्जली अट्रिब्यूटेबल टू द सस्पेन्शन ऑफ मायनिंग’ असे स्वतःच्या जबाबदारीवर लिहिता येते. वैद्यकशास्त्रात आणि लोकसंख्याशास्त्रात हे विशेषण मृत्यूंच्या व आजारांच्या आकड्यांसोबत वारंवार भेटते.

कोठे वापरू नये

आयईएलटीएसच्या अकॅडमिक लेखनपरीक्षेतील पहिल्या प्रश्नात आलेख किंवा तक्ता देऊन किमान १५० शब्दांत त्याचे वर्णन करण्यास सांगतात. येथे अनेक विद्यार्थी आपली शब्दसंपत्ती दाखवण्याच्या उत्साहात ‘धिस डिक्लाइन कॅन बी अट्रिब्यूटेड टू…’ असे लिहून मनाने कारण जोडतात. आलेखात कारण दिलेले नसेल तर हे वाक्य तेथे पूर्णपणे अस्थानी आहे. वर्णन मागितले आहे, मीमांसा नव्हे. दुसऱ्या प्रश्नात, जेथे किमान २५० शब्दांचा निबंध असतो, तेथे हाच शब्द शोभतो.

कारण उघड आणि यांत्रिक असेल तेथेही तो नको. ‘दार उघडे राहिले म्हणून कुत्रा आत आला’ यासाठी कोणी ‘अट्रिब्यूट’ लिहू नये. संवादात, पत्रात, ललित लेखनात ‘बिकॉज ऑफ’ आणि ‘ड्यू टू’ पुरेसे असतात. पत्रकारितेतील ‘ॲट्रिब्यूशन’चा अर्थही लक्षात असावा: बातमीतील माहिती कोणी दिली याचा निर्देश. अभ्यासविषयक लेखनात दुसऱ्याची कल्पना घेताना मूळ लेखकाचा निर्देश करणे हेही ‘ॲट्रिब्यूशन’च, आणि तो न करणे म्हणजे वाङ्मयचौर्य.

नाम म्हणून येणाऱ्या ‘ॲट्रिब्यूट’बद्दल फार सांगण्यासारखे नाही. तो ‘गुण’, ‘वैशिष्ट्य’, ‘लक्षण’ या अर्थाने येतो आणि त्याच्याभोवती कारणाचा प्रश्न नसतो: ‘पेशन्स इज ॲन एसेन्शियल ॲट्रिब्यूट ऑफ अ टीचर.’ संगणकशास्त्रात तो माहितीच्या नोंदीतील एखाद्या रकान्याला लावतात. व्याकरणात नामाच्या आधी येणाऱ्या विशेषणाला ‘अट्रिब्यूटिव्ह’ म्हणतात. मानसशास्त्रात मात्र पुन्हा कारण जोडण्याचाच अर्थ येतो. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि परिस्थितीकडे दुर्लक्ष करतो, या प्रवृत्तीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये ‘फंडामेंटल ॲट्रिब्यूशन एरर’ असे नाव दिले.

एक परिच्छेद सुधारून पाहू

नमुन्यासाठी काजूवरचा एक कच्चा परिच्छेद घेऊ. असे लेखन तपासण्यासाठी नेहमीच समोर येते. ‘धिस इयर कॅश्यू क्रॉप वॉज लेस. इट इज अट्रिब्यूटेड बिकॉज ऑफ क्लाउडी वेदर. सो प्राइसेस अट्रिब्यूटेड टू इन्क्रीज.’

दुसऱ्या वाक्यात ‘बिकॉज ऑफ’ काढून ‘टू’ घालायला हवे हे वर सांगितलेच आहे. त्याशिवाय ‘इट’ नेमके कशासाठी आले हे अस्पष्ट आहे. परिणामाला नाव दिले की वाक्य बळकट होते, म्हणून ‘द पुअर यील्ड’ लिहावे. असे कोण म्हणते, हेही सांगितलेले नाही. विद्यार्थ्याने सत्तरी तालुक्यातील बागायतदारांशी बोलून माहिती घेतली असेल तर ते लिहिलेच पाहिजे, कारण हीच त्याच्या प्रकल्पाची खरी कमाई आहे. तिसऱ्या वाक्यात ‘अट्रिब्यूटेड’ची गरजच नाही. भाव वाढण्यामागे कमी उत्पादन आहे असे सांगायचे आहे, त्यासाठी ‘लेड टू’ पुरते. सुधारलेला परिच्छेद असा होतो: ‘द कॅश्यू क्रॉप वॉज पुअर धिस इयर. ग्रोअर्स इन सत्तरी अट्रिब्यूट द लो यील्ड मेनली टू क्लाउडी वेदर ड्यूरिंग द फ्लॉवरिंग सीझन. द शॉर्टेज लेड टू हायर प्राइसेस.’

तीन वाक्यांत हा शब्द एकदाच आला. तेवढाच पुरे. पानभर मजकुरात तो दोनदा आला तर एक जागा बदलता येते का ते पाहावे.

मराठीत आणताना

गोव्यात इंग्रजी अहवालावरून मराठी बातमी किंवा टिपण तयार करण्याचे काम अनेकांना करावे लागते, शिवाय स्पर्धा परीक्षांत अनुवादाचे प्रश्नही येतात. येथे सर्वांत मोठा धोका म्हणजे ‘अट्रिब्यूटेड टू’चे नुसते ‘मुळे’ करणे. मग तिसरा पक्ष गळून पडतो आणि एखाद्या समितीचा कयास सिद्ध सत्य म्हणून छापला जातो. ‘द ॲक्सिडेंट वॉज अट्रिब्यूटेड टू ब्रेक फेल्युअर’ याचे ‘ब्रेक निकामी झाल्यामुळे अपघात झाला’ असे भाषांतर करू नये. ‘ब्रेक निकामी झाल्यामुळे अपघात झाल्याचे सांगण्यात आले’ किंवा, कोणी सांगितले ते मूळ मजकुरात असेल तर, ‘ब्रेक निकामी झाल्यामुळे अपघात झाला असे पोलिसांचे म्हणणे आहे’ असे करावे. कर्तृत्वाच्या संदर्भात ‘यांच्या नावावर असलेली रचना’ किंवा ‘यांची मानली जाणारी रचना’ हे प्रयोग चांगले बसतात. गुणांच्या संदर्भात, उदाहरणार्थ ‘वी टेंड टू अट्रिब्यूट ह्यूमन फीलिंग्ज टू ॲनिमल्स’ या वाक्यात, ‘आपण प्राण्यांना मानवी भावना चिकटवतो’ असे रोजच्या मराठीतले क्रियापद घ्यावे. शास्त्रीय लेखात ‘आरोपित करतो’ चालेल. चांगल्या परिणामाच्या बाबतीत ‘श्रेय’ आणि वाईटाच्या बाबतीत ‘कारण म्हणून बोट दाखवणे’ अशी निवड करावी. मूळ वाक्याचा सूर तटस्थ असेल तर ‘खापर फोडणे’ टाळावे, कारण त्यातील ठपका मूळ लेखकाने ठेवलेला नसतो.